कॉलेज कुठलं रे तुझं?

व्हर्जिनियातल्या एका आडगावच्या कॉलेजातला बुटका पोरगा थेट बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. त्याची गोष्ट मला 2007 साली एका मॅचला कळली. ती माझ्याबद्दलही आहे, हे कळायला मात्र 2025 उजाडलं.

पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मी एका प्रश्नाला फार घाबरायचो. पगार किती, हे चालायचं. लग्न कधी, हेही परवडायचं. पण कॅन्टीनमध्ये चहाचा कप हातात घेऊन कुणी अगदी सहज म्हणालं, "बाय द वे, कॉलेज कुठलं रे तुझं?" की माझी पाचावर धारण बसायची. मग मी ठरलेलं उत्तर द्यायचो.

"औरंगाबादजवळ."

(तेव्हा त्याचं छत्रपती संभाजीनगर झालेलं नव्हतं.) हे 'जवळ' म्हणजे एसटीने अडीच तास. समोरचा पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या नामवंत कॉलेजचा असला, की तो "अच्छा, अच्छा" म्हणून विषय बदलायचा. त्या दुसऱ्या 'अच्छा'मध्ये काय असतं, ते ज्याला मिळालंय त्यालाच माहीत!

कॉलेजचं नाव इथं लिहिलं तरी तुम्हाला कळणार नाही. तोच तर सगळा प्रॉब्लेम होता. हायवेच्या कडेला दोन मजली बिल्डिंग, मागे तुरीचं शेत, समोर एक चहाची टपरी. दिवसाचे कित्येक तास लोडशेडिंग. लाइट आली की लॅबकडे पळायचं आणि प्रोग्रॅम सेव्ह करायच्या आत ती परत जायची. 'कॅम्पस इंटरव्ह्यू' हा शब्द आम्ही पेपरात वाचला होता. आमच्या कॅम्पसवर चार वर्षांत बाहेरून आलं कोण, तर वीज मंडळाचे लोक आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या म्हशी.

2004 ला पास होऊन पुण्यात आलो. कॉट बेसिसवर राहायचं, रविवारी पेपरातल्या जाहिराती कापायच्या आणि वॉक-इनला जायचं. एका मोठ्या कंपनीच्या गेटवर आम्ही सकाळी सहापासून रांगेत उभे होतो. साडेदहाला एक गृहस्थ यादी घेऊन बाहेर आले. म्हणाले, "ज्यांच्या कॉलेजचं नाव मी वाचेन, त्यांनी आत या. बाकीच्यांनी बायोडेटा ह्या खोक्यात टाका." मिनरल वॉटरच्या बाटल्यांचं रिकामं खोकं होतं ते. मी माझी फाइल नीट, कोपरे दुमडणार नाहीत अशी आत ठेवली. फोन अर्थातच आला नाही.

रात्री एसटीडीवरून घरी फोन केला. आण्णांनी विचारलं, "पेपर अवघड होता का रे?" मी म्हणालो, "हो आण्णा, जरा अवघडच होता." पेपर झालाच नाही, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

पुढे एका छोट्या कंपनीत टेस्टर म्हणून लागलो, तिथून दुसरीकडे उडी मारली आणि 2007 च्या उन्हाळ्यात ऑनसाइटला न्यू जर्सीत जाऊन पडलो. एडिसनमध्ये चौघांत एक अपार्टमेंट, राइस कुकर आणि भारतातून आणलेला मेतकुटाचा डबा. ऑफिसात माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये पन्नाशीचा एक अमेरिकन बसायचा. न्यूयॉर्क मेट्स ह्या टीमचा कट्टर भक्त. मी त्याचं नाव मनातल्या मनात 'मेट्सवाला' ठेवलं होतं. मी त्याला एलबीडब्ल्यू समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि त्याने सूड म्हणून मला एका संध्याकाळी शे स्टेडियमवर नेलं.

टाइम्स स्क्वेअरवरून सात नंबरची ट्रेन. वाटेत जॅक्सन हाइट्स येतं, तिथं साड्यांची आणि मिठाईची दुकानं. मला तिथंच उतरून मस्त जेवावंसं वाटत होतं. पण गेलो. (ते शे स्टेडियम आता नाही. 2008 च्या मोसमानंतर पाडलं आणि शेजारी नवं उभं राहिलं.) डोक्यावरून दर थोड्या वेळाने लाग्वार्डिया एअरपोर्टची विमानं जात होती आणि खाली मैदानात मला काडीचंही कळत नव्हतं.

तुम्हालाही कळत नसेल, तर एवढंच लक्षात ठेवा. बेसबॉलमध्ये टप्पा नाही. सगळे फुलटॉस. बोलरला पिचर म्हणतात. मातीच्या एका उंचवट्यावर उभा राहून तो बॉल फेकतो, रनअप घेत नाही. बॅट दंडगोल. बॅट्समनला तीन स्ट्राइक झाले की तो आऊट. त्याला म्हणायचं स्ट्राइकआउट. म्हणजे पिचरने फिल्डरच्या मदतीशिवाय काढलेली विकेट, आपल्याकडच्या क्लीन बोल्डसारखी. इनिंगला तीन आऊट, अशा नऊ इनिंग, म्हणजे टीमचे एकूण 27 आऊट. झालं, एवढं पुरे.

नवव्या इनिंगला मेट्स दोन रनांनी पुढे होते. एकाएकी स्पीकरवर मेटालिकाचं 'एंटर सँडमन' दणाणलं, लोक उभे राहिले आणि मैदानाच्या टोकाकडून एक माणूस धावत आला. मला वाटलं, कुणी पहिलवान येणार. आला तो आपल्या एखाद्या कॉलनीतल्या काकांच्या उंचीचा! पस्तिशी उलटलेला. डावरा.

"बिली वॅग्नर," मेट्सवाला म्हणाला. "आमचा क्लोजर."

क्लोजर म्हणजे मॅच थोडक्यात हातात असताना शेवटची इनिंग टाकायला येणारा स्पेशालिस्ट. आपला डेथ ओव्हरवाला समजा. त्याने मॅच वाचवली की त्याच्या नावावर एक 'सेव्ह' लागतो. दोन स्ट्राइकआउट, एक सोपा झेल, खेळ खलास. बॉल दिसत नव्हता, फक्त कॅचरच्या ग्लव्हचा आवाज येत होता. वॅग्नर ऐन भरात असताना ताशी 100 मैलांपर्यंत फेकायचा. 2003 च्या वर्ल्ड कपमध्ये शोएब अख्तरने इंग्लंडविरुद्ध टाकलेला तो जगप्रसिद्ध बॉल आठवतोय? 161.3 किलोमीटर. साधारण तोच वेग. फरक एवढाच, की शोएब बाउंड्रीपासून धावत यायचा आणि हा जागच्या जागी उभा राहून टाकायचा.

"डावरा म्हणून एवढा अवघड जातो का?" मी आपला शहाणपणा दाखवला.

मेट्सवाला हसला. "अरे, तो डावरा नाहीच आहे."

त्या रात्री परतीच्या ट्रेनमध्ये त्याने मला वॅग्नरची गोष्ट सांगितली. पुढे मी जे मिळेल ते वाचत गेलो.

व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्येला डोंगराळ भाग आहे. कोळशाच्या खाणी, शेती आणि गरिबी. 1971 चा जन्म. घरची परिस्थिती बेताची म्हणणं हेही कौतुकच होईल. आईवडील वेगळे झाले, पोरगं कधी ह्या नातेवाइकाकडे, कधी त्या. शाळा सारख्या बदलत राहिल्या. काही दिवस जेवण म्हणजे बिस्किटांवर पीनट बटर आणि वर पाणी. लहानपणी खेळताना उजवा हात मोडला. प्लास्टर निघालं, पोरगं परत खेळायला गेलं, हात परत मोडला! आता फेकायचं कशाने? मग त्याने डाव्या हाताने भिंतीवर बॉल मारायला सुरुवात केली. दिवसच्या दिवस. लिहायचं, जेवायचं अजूनही उजव्यानेच. फेकायचं तेवढं डाव्याने. म्हणजे ज्या हाताने पुढे जगातले मोठमोठे बॅट्समन गारद केले, तो हात मुळात नाइलाज होता.

शाळा संपली तेव्हा हा जेमतेम साडेपाच फुटांचा. त्या उंचीच्या पिचरला मोठ्या कॉलेजांत कोण भाव देणार? तो गेला फेरम कॉलेजला. फेरम हे व्हर्जिनियातल्या ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याचं एक खेडं आणि तिथलं हे छोटंसं कॉलेज. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचे तीन डिव्हिजन असतात. पहिल्यात मोठी नावं, टीव्ही, स्कॉलरशिप. तिसऱ्यात खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. फेरम तेव्हा तिसऱ्यात होतं. म्हणजे आमच्या हायवेकडेच्या कॉलेजचं अमेरिकन भावंडंच म्हणा ना!

आणि तिथं ह्या पोराने कहर केला. तिथं असतानाच उंची वाढली, वेग वाढला. 1992 च्या मोसमात त्याची सरासरी होती, नऊ इनिंगला 19.1 स्ट्राइकआउट. परत वाचा. 27 पैकी 19! उरलेल्या आठ जणांसाठी बाकीचे आठ खेळाडू मैदानात उभे. त्याच मोसमात नऊ इनिंगमागे त्याला बसलेले हिट सरासरी 1.58. दोनसुद्धा नाहीत. अमेरिकन कॉलेज बेसबॉलमधले हे विक्रमी आकडे.

आता इथं थांबा. कारण मेट्सवाल्याने ट्रेनमध्ये हे आकडे सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"हो, पण समोर कोण होतं?"

तिसऱ्या डिव्हिजनची पोरं. कुणीही उठावं आणि आऊट करावं. म्हणजे बघा, जे वाक्य मी स्वतः आयुष्यभर ऐकत आलो होतो ("डिस्टिंक्शन? हो, पण तुमच्याकडचे पेपर सोपे असतील ना?"), तेच मी डोळ्याची पापणी न लवता दुसऱ्याला ऐकवलं. लहान कॉलेजची ही खरी गोची असते. तुम्ही नापास झालात तर कॉलेजच तसं. पहिले आलात तरी कॉलेजच तसं.

ह्या 'समोर कोण होतं'चं उत्तर वॅग्नरला कुठं मिळालं, ते मला सगळ्यात आवडतं. मॅसॅच्युसेट्समध्ये समुद्रकाठी केप कॉड नावाचा भाग आहे. तिथं दर उन्हाळ्यात एक लीग भरते. देशभरातल्या कॉलेजांतले निवडक खेळाडू तिथं येतात, गावातल्या लोकांच्या घरी राहतात आणि खेळतात. कॉलेजात धातूची बॅट असते, इथं प्रोफेशनलसारखी लाकडी. स्टँडमध्ये टीमांचे स्काउट हातात रडार गन घेऊन बसलेले. 1992 च्या उन्हाळ्यात फेरमचा हा पोरगा तिथल्या ब्रूस्टर गावच्या टीमकडून खेळला. समोर बॅट घेऊन मोठमोठ्या कॉलेजांची पोरं. आणि मोसमअखेर, प्रोफेशनल म्हणून सर्वात आशादायक खेळाडूचं त्या लीगचं बक्षीस ह्याला!

रडार गन वेग सांगते. कॉलेज कुठलं, असं विचारायला तिला तोंड नसतं.

पिचरच्या पायाखालची पट्टी आणि बॅट्समनच्या पुढ्यातली प्लेट ह्यांच्यातलं अंतर 60 फूट 6 इंच असतं. 1893 पासून तेवढंच. फेरमच्या मैदानावर तेवढंच, केप कॉडला तेवढंच, यांकी स्टेडियमवरही तेवढंच. म्हणजे फेरममध्ये भिंतीआड टाकलेले ते हजारो बॉल खोटे नव्हते. ते मोजायला कुणी आलं नव्हतं, इतकंच.

1993 च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने त्याला पहिल्याच फेरीत उचललं. देशात बारावा नंबर. (त्या वर्षीचा पहिला नंबर कोण? अ‍ॅलेक्स रॉड्रिग्झ.) मग खालच्या लीगमधली उमेदवारी. सप्टेंबर 1995 मध्ये मेजर लीगची पहिली मॅच, तीही एकाच बॅट्समनपुरती. 1996 मध्ये त्याला क्लोजर केलं आणि पुढची पंधरा वर्षं तो शेवटच्या इनिंगा टाकत राहिला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. 1998 च्या जुलैमध्ये बॅट्समनने मारलेला बॉल सरळ डोक्यावर येऊन आदळला. तो मैदानातच कोसळला. त्याच मोसमात परत आला. 1999 ला 39 सेव्ह. 2000 ला कोपराचं ऑपरेशन. 2008 च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे मी त्याला पाहिल्यानंतर वर्षभराने, पुन्हा कोपर गेलं. ह्या वेळी टॉमी जॉन सर्जरी, म्हणजे कोपरातला तुटलेला लिगामेंट काढून तिथं दुसरीकडचा स्नायूबंध बसवायचा. वय 37. लोक म्हणाले, संपला. 2009 च्या ऑगस्टमध्ये गडी हजर. 2010 ला अटलांटाकडून 37 सेव्ह घेतले आणि मग स्वतःहून सांगितलं, आता घरी जातो. एकूण 422 सेव्ह. 903 इनिंगमध्ये 1196 स्ट्राइकआउट.

मी तोवर भारतात परतलो होतो. पण 2008 च्या शेवटी आलेली एक बातमी मला आठवते. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू. एका टीव्ही शोमध्ये हजारो भारतीय पोरांकडून बॉल फेकून घेतले, हातात तीच रडार गन. त्यातून हे दोघं निघाले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. ज्यांनी बेसबॉल कधी पाहिला नव्हता अशी पोरं! दोघंही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. गनने त्यांना आत घेतलं, पुढचं त्यांच्यावर होतं आणि ते जमलं नाही. त्यात मला काही वाईट वाटत नाही. त्यांचा वेग मोजला गेला. खोक्यात टाकला नाही.

आणि आता जरा लाजिरवाणा भाग.

माझं बरं चाललं. 'औरंगाबादजवळ' म्हणायची गरज हळूहळू संपली, कारण पाच-सात वर्षांचा अनुभव झाला की कॉलेज कुणी विचारत नाही. खराडीत ऑफिस, हाताखाली टीम, डिलिव्हरी मॅनेजर अशी पाटी. 2019 मध्ये फ्रेशर घ्यायचं काम माझ्याकडे आलं. शेकड्यांनी बायोडेटा येणार, वेळ कुणाला? मी एचआरला एक एक्सेल शीट पाठवली. 'टार्गेट कॉलेजेस'. वीस-पंचवीस नावं. त्यात नसलेलं कॉलेज असेल तर ती ओळ आपोआप खाली, वेगळ्या टॅबमध्ये. त्या टॅबचं नाव मीच ठेवलं होतं: 'अदर्स'.

खरं सांगतो, तो फिल्टर लावताना मला मिनरल वॉटरचं खोकं आठवलंही नाही. एकदाही नाही. आपल्यावर झालेलं आपण विसरत नाही असं आपल्याला वाटतं. नोकरी, ईएमआय आणि डेडलाइन असली की छान विसरतो.

22 जानेवारी 2025. सकाळी कॅबमध्ये बसलो होतो, मुंढव्याच्या सिग्नलला नेहमीप्रमाणे अडकलेलो. व्हॉट्सअ‍ॅपवर मेट्सवाल्याचा मेसेज. आता तो रिटायर होऊन फ्लोरिडात असतो, वर्षातून दोन-तीनदा आमचं बोलणं होतं. मेसेज एवढाच, तुझा डावरा आत गेला.

वॅग्नर हॉल ऑफ फेममध्ये निवडून आला होता. बेसबॉलमधला हा सर्वोच्च मान. पत्रकार मतं देतात, 75 टक्के लागतात आणि उमेदवाराला जास्तीत जास्त दहा वर्षं मिळतात. वॅग्नर पहिल्यांदा उभा राहिला 2016 ला. मतं किती? 10.5 टक्के. पुढची दोन वर्षंही तिथंच घुटमळला. आक्षेप काय, तर ह्याने 903 च इनिंग टाकल्या, काम थोडं केलं. मग हळूहळू लोक आकडे परत बघायला लागले. किमान 900 इनिंग टाकलेल्यांत नऊ इनिंगला 11.9 स्ट्राइकआउट ही सगळ्यात वरची सरासरी होती, हे काही ह्या दहा वर्षांत नव्याने घडलं नव्हतं. तो 2010 लाच निवृत्त झाला होता! बदलले ते बघणारे. 2020 ला 31.7 टक्के, 2022 ला 51, 2024 ला 73.8. पाच मतं कमी पडली. 2025 ही दहावी आणि शेवटची संधी. 82.5 टक्के. डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजात खेळून हॉल ऑफ फेममध्ये गेलेला हा पहिला खेळाडू.

सिग्नल सुटला. मी आनंदात होतो. ऑफिसात पोचलो, लॅपटॉप उघडला. एचआरची मेल येऊन पडलेली. 'फ्रेशर हायरिंग 2025, फिल्टर लावलेली शीट सोबत जोडली आहे.' खाली दोन टॅब.

'अदर्स' उघडला. तीनशेच्या वर ओळी. स्क्रोल करत गेलो. बुलढाणा, हिंगोली, नंदुरबार, गडचिरोली. आणि मध्येच एका ओळीत माझं कॉलेज. 2025 चा कुणीतरी पोरगा, माझ्याच कॉलेजचा, माझ्याच खोक्यात.

मी शीट बंद केली आणि चहा प्यायला गेलो. चहा काही गोड लागला नाही.

दुपारी एचआरच्या मॅडमना म्हणालो, "फिल्टर काढा. सगळ्यांना एकच टेस्ट देऊ. दोन तासांची. तपासताना नाव आणि कॉलेज झाकून ठेवा."

"सर, साडेतीनशेच्या वर पेपर होतील. तपासणार कोण?"

"मी."

बोलून बसलो खरा! टीममधले दोघं बिचारे मदतीला आले. तीन वीकेंड गेले. बायको म्हणाली, "हे एवढं आपल्या मुलीच्या अभ्यासात लक्ष घातलं असतंस, तर ती बोर्डात आली असती." ('मुलगी तिसरीत आहे' असं म्हणायची माझी छाती झाली नाही.)

निकाल काय लागला, ते प्रामाणिकपणे सांगतो. सिनेमासारखं काही झालं नाही. पहिला नंबर एका नामवंत कॉलेजच्याच मुलाचा आला आणि तो खरोखर हुशार होता. 'अदर्स'मधले बरेच पेपर वाईट होते, काही तर कोरे. माझ्या कॉलेजचा तो पोरगासुद्धा पार झाला नाही. मला फार वाटलं, तरी नाही. पण इंटरव्ह्यूला बोलावलेल्या बारा जणांत चार 'अदर्स'मधले होते. त्या चारांतली एक मुलगी, बुलढाणा जिल्ह्यातली. तिचा कोड दिसायला ओबडधोबड होता, पण आम्ही मुद्दाम पेरून ठेवलेल्या पाचही चुका तिने शोधल्या होत्या. इतरांना तीनच्या पुढे जाता आलं नव्हतं. इंटरव्ह्यूत विचारलं, हे कुठं शिकलीस? म्हणाली, "सर, आमच्या लॅबमध्ये धड चालणारी मशिन कमी होती. बंद पडलेली मीच दुरुस्त करायचे. मॅडमनी मला लॅबची चावीच देऊन टाकली होती."

मला माझ्या लॅबचे असिस्टंट काका आठवले. त्यांनीही मला चावी दिली होती. मोठ्या कॉलेजात मला कुणी लॅबची चावी दिली असती का? आणि साडेपाच फुटी वॅग्नर मोठ्या कॉलेजात गेला असता, तर पहिल्या वर्षापासून त्याच्या हातात बॉल आला असता, की बाकावर बसून सीनियर पोरांचे ग्लव्ह सांभाळावे लागले असते? लहान जागेतून मी फक्त कमीपणा घेऊन आलो, असं मी वीस वर्षं धरून चाललो होतो. तिथं मला चावी मिळाली होती. ती गोष्ट मी बायोडेटात कुठं लिहिलीच नव्हती.

तुम्ही 'अदर्स'मधले असाल, तर तुमच्यासाठी माझ्याकडे एकच सांगण्यासारखं आहे. तुमचं केप कॉड शोधा. जिथं नाव न विचारता मोजतात अशी एखादी स्पर्धा, एखादा ओपन सोर्स प्रोजेक्ट. तिथं जाऊन एकदा समोर कोण आहे ते बघाच. आणि तुम्ही टेबलाच्या ह्या बाजूला पोचला असाल, तर तुमच्या शीटचा दुसरा टॅब उघडून बघा. काम वाढेल, घरी बोलणी बसतील. पण बघा.

27 जुलै 2025 ला कूपर्सटाउनमध्ये वॅग्नरचा समारंभ झाला. इचिरो सुझुकी, सीसी सबॅथिया अशा दिग्गजांबरोबर. त्या आठवड्यात बुलढाण्याच्या त्या मुलीला आमच्याकडे जॉइन होऊन महिना झाला होता. कॅन्टीनमध्ये आमचं टेबल भरलेलं. कुणीतरी पोह्यांवर लिंबू पिळत तिला सहज विचारलं, "बाय द वे, कॉलेज कुठलं गं तुझं?"

ती अर्धा सेकंद थांबली. तो अर्धा सेकंद मी ओळखतो. "नागपूरच्या साइडला," ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला आणि कुणी विचारलं नसताना माझ्या कॉलेजचं नाव सांगितलं. तालुक्यासकट, पूर्ण. टेबलावर कुणालाच ते माहीत नव्हतं.

"कुठं आलं हे, सर?" एकाने विचारलं.

मग मी सांगायला लागलो. हायवे, तुरीचं शेत, म्हशी, सगळं. ती हसली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडे म्हशी नव्हत्या. शेळ्या होत्या."